परमुलखात गाडी चुकत का नाही

१८८६ सालच्या ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी एक अचाट काम उरकलं. सुमारे साडेअकरा हजार मैलांच्या, आपल्या हिशेबानं साडेअठरा हजार किलोमीटरच्या लोहमार्गाचा एक रूळ त्यांनी तीन इंच आत सरकवला. तयारी कितीतरी आधीपासून चालली होती. नव्या जागेवरचे खिळे अगोदरच ठोकून ठेवले होते. जुन्या खिळ्यांपैकी जेवढे काढून चालण्यासारखं होतं तेवढे काढले होते. इंजिनांच्या आणि डब्यांच्या चाकांची सोय लावली होती. ठरल्या वेळी गाड्या थांबल्या, हजारो मजुरांनी पहारी लावून रूळ ढकलला आणि उरलेले खिळे ठोकले. दीड दिवसात पाच फुटांचा मार्ग चार फूट नऊ इंचांचा झाला आणि उत्तरेतली गाडी दक्षिणेत शिरायला मोकळी झाली.

पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या. आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ ला. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. भाषणं देत, शाळा बघत, बालविधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करत त्या पूर्व किनाऱ्यापासून थेट पॅसिफिकपर्यंत हिंडल्या. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसल्या आणि जपान, हाँगकाँग करत मुंबईला परतल्या. १८८९ मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' छापून आलं. एक मराठी बाई, अनोळखी मुलूख, हजारो मैलांचं अंतर आणि प्रत्येक टापूत वेगळी रेल्वे कंपनी. तरी त्या पोचायचं तिथे पोचतात आणि सभेला उभ्या राहतात. हे जमतं कसं?

आज कोणी झुरिकच्या किंवा टोकियोच्या स्टेशनात बॅग घेऊन उभा राहतो, पाटीवरचं एक अक्षर धड वाचता येत नाही, आणि तरीही संध्याकाळी नेमक्या गावी उतरतो. आपण कौतुक डोंगरांचं आणि वेगाचं करतो. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या, एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांनी रुळांचं माप, घड्याळाचा काटा आणि तिकिटाचे पैसे यांबद्दल कधीतरी बसून ठरवलं, म्हणून परका माणूस त्या देशात हरवत नाही.

मापाचं प्रकरण इंझोरीच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. गावाला स्टेशन नाही, पण आसपासच्या मुलखात एकेकाळी रुळांची तीन मापं नांदत होती. कारंज्याला शकुंतला यायची: मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी, ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवरची आगगाडी. जिल्ह्याच्या ठिकाणी, वाशीमला, अकोला–पूर्णा मार्गाचं मीटरगेज, नेमकं १००० मिलिमीटर. त्याचं रुंदीकरण होऊन तिथे मोठी गाडी आली ती २००८ च्या सुमारास. आणि मूर्तिजापूरला मुंबई–नागपूर मार्गाचं ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. गावाहून निघालेल्या माणसानं कोणती दिशा धरली यावर त्याच्या गाडीची रुंदी ठरायची.

शकुंतलेची आणखी एक गंमत आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीनं उभारलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ती मालमत्ता. वऱ्हाडाचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचावा म्हणून टाकलेली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहून गेली. गाडी भारतीय रेल्वे चालवायची आणि मार्गाचा मोबदला कंपनीला द्यायची. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिला ओढत होतं, ते १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं आणि डिझेल जोडलं. कारंज्याच्या फलाटावर उभं राहणाऱ्याला परदेशी रेल्वेत बसायला पासपोर्ट लागत नव्हता!

पण मूर्तिजापूरला कापसाच्या गाठी छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवाव्या लागत. माणसांनीही गाठोडी घेऊन गाडी बदलायची. माप तुटलं की प्रवास तुटतो. ऑस्ट्रेलियात तर दोन वसाहतींनी दोन मापं धरली. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्यांना सरहद्दीवरच्या आल्बरी गावात गाडी बदलावी लागे, आणि त्यासाठी तिथे भलामोठा लांब फलाट बांधला होता. मार्क ट्वेन १८९५ साली तिथून गेला आणि या मूर्खपणावर त्यानं मनसोक्त तोंडसुख घेतलं. पुढच्याच जानेवारीत तो मुंबईत उतरला आणि आपल्या रेल्वेनं हिंदुस्थान हिंडला. सिडनी आणि मेलबर्न एका मापानं जोडली गेली ती १९६२ मध्ये.

मग सगळीकडे एकच माप का नाही घेतलं? इथे एक भूमितीची गोष्ट सांगतो, कारण ती कळली की वळणावरून जाणारी कुठलीही गाडी तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

रेल्वेची दोन चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. मोटारीच्या चाकांसारखी ती वेगवेगळ्या गतीनं फिरू शकत नाहीत. आता गाडी एका पूर्ण वर्तुळात फिरली असं समजा. बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असणारच. किती लांब? वर्तुळ केवढंही असो, अख्ख्या तालुक्याएवढं असो की गावच्या मैदानाएवढं, फरक तेवढाच राहतो: दोन रुळांतलं अंतर गुणिले दोन पाय (२π). ब्रॉडगेजला सुमारे साडेदहा मीटर, मीटरगेजला सहा मीटर आणि वर थोडं, शकुंतलेच्या मापाला पाच मीटरपेक्षा जरा कमी. एवढं जास्तीचं अंतर बाहेरच्या चाकानं कापायचं कसं? त्यासाठी चाकाची कड सपाट नसते, किंचित उतरती असते. आतल्या बाजूला जाड, बाहेर बारीक. वळणावर गाडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर, आणि एकाच फेऱ्यात बाहेरचं चाक जास्त अंतर तोडतं. कोणी सुकाणू धरलेलं नसतं. उतार आपोआप गाडी वळवतो.

ही सोय मर्यादित आहे. वळण जितकं आवळलेलं, तितका तो फरक थोडक्या लांबीत भरून काढावा लागतो आणि चाकाची कड अपुरी पडते, मग रूळ किंचाळतात. रूळ जवळजवळ असले तर फरकच कमी, म्हणून छोटी गाडी डोंगरात मोठ्या गाडीपेक्षा आवळ वळणं घेते. डोंगर कमी फोडावा लागतो, पूल लहान बांधावे लागतात, पैसा वाचतो. माथेरानची गाडी, दार्जिलिंगची गाडी अशीच वर चढली. वऱ्हाडात डोंगर नव्हता, तिथे कारण निव्वळ स्वस्ताईचं.

अकोल्याहून खंडव्याकडे मेळघाटातून जाणाऱ्या मीटरगेजवर धूळघाटजवळ रूळ स्वतःभोवती पूर्ण वेढा घालून स्वतःच्याच वरून जायचे. उंची चढायची पण चढ सौम्य ठेवायचा, तर रस्ता लांबवायचा, आणि लांबवायला जागा नसेल तर गोल फिरवायचा. तो मार्ग २०१७ मध्ये बंद झाला. स्वित्झर्लंडच्या आग्नेय टोकाला ब्रुझिओ नावाच्या गावाबाहेर हीच युक्ती उघड्या कुरणात केलेली आहे. नऊ कमानींच्या दगडी पुलावरून लाल गाडी गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून निघते. तिथलं मापही तेच, १००० मिलिमीटर. दोन्ही ठिकाणी बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सव्वासहा मीटरच्या आसपास लांब. ब्रुझिओला जगभरचे लोक कॅमेरे घेऊन खिडकीशी गर्दी करतात. धूळघाटचं नाव अकोल्यातल्याही किती मुलांना माहीत असेल, शंका आहे.

ज्यांना माप बदलणं परवडलं नाही त्यांनी चाकंच बदलली. चीनहून मंगोलियात जाणाऱ्या गाडीचे डबे सरहद्दीवर प्रवाशांसकट जॅकनं वर उचलतात, खालचे चाकांचे गाडे काढून रशियन मापाचे घालतात आणि डबे खाली ठेवतात. स्पेनच्या टाल्गो कंपनीनं १९६९ पासून बार्सिलोना–जिनिव्हा गाडीला अशी चाकं दिली जी एका खास चौकटीतून हळूहळू जाताना रुंदी बदलतात. जपाननं मुळात १०६७ मिलिमीटरचं अरुंद माप धरलं होतं. १९६४ मध्ये शिंकान्सेन आली तेव्हा तिच्यासाठी १४३५ चे रूळ अगदी वेगळे टाकले. होन्शू आणि होक्काइडो बेटांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या बोगद्यात मात्र दोघींनी संसार एकत्र थाटला आहे: तिथे तीन रूळ आहेत, एक सामायिक आणि दुसरा ज्याचा त्याचा.

वेळेची गोष्ट मापापेक्षाही विलक्षण आहे. रुळाचं माप निदान डोळ्यांना दिसतं.

सूर्य इंझोरीच्या डोक्यावर येतो तो मुंबईच्या अठरा-एकोणीस मिनिटं आधी. बैलगाडीच्या काळात या फरकाशी कोणाला देणंघेणं नव्हतं. प्रत्येक गावाची दुपार त्याची स्वतःची. रेल्वे आली आणि ही अठरा मिनिटं बोचू लागली. आपल्याकडे रेल्वेनं मद्रासची वेळ धरली आणि मुंबई शहर मुंबईच्या वेळेवर अडून बसलं. दोहोंत अर्ध्या तासाचं अंतर. बोरीबंदरला गाडी पकडणाऱ्यानं खिशातल्या घड्याळात अर्धा तास मिळवून मगच धावपळ करायची. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली तरी मुंबईनं आपला हेका सोडला नाही. तिथली महानगरपालिका पुढे कित्येक वर्षं मुंबईच्या वेळेला चिकटून होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

अमेरिकेत तर पन्नासच्या आसपास रेल्वेवेळा होत्या. एकाच स्टेशनात दोन कंपन्यांची दोन घड्याळं, वर गावाचं तिसरं. हा घोळ सरकारनं निस्तरला नाही, रेल्वे कंपन्यांनीच निस्तरला. विल्यम अॅलन नावाच्या त्यांच्या चिटणिसानं देशाचे पट्टे पाडले, शेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर एक तासाचा फरक ठेवला, आणि १८ नोव्हेंबर १८८३ च्या रविवारी दुपारी तारेनं वेळ पाठवून देशभरची घड्याळं जुळवली. न्यूयॉर्कला काटे चार मिनिटं मागे आले, शिकागोला साडेनऊ मिनिटं, आणि त्या दिवशी तिथे बारा दोनदा वाजले. आनंदीबाई तेव्हा फिलाडेल्फियात कॉलेजात होत्या. ते शहर योगायोगानं नव्या वेळेच्या रेखांशाला जवळजवळ खेटून होतं, त्यामुळे तिथली घड्याळं जेमतेम अर्ध्या मिनिटानं सरकली. अमेरिकी संसदेनं या पट्ट्यांना कायद्याचा शिक्का दिला तो १९१८ मध्ये! रमाबाई १८८६ साली आल्या तेव्हा ही व्यवस्था तिसऱ्या वर्षात होती. त्यांनी तो खंड पूर्व-पश्चिम पार केला तो अशा काळात, जेव्हा घड्याळ कुठे आणि किती फिरवायचं हे प्रवाशाला आधीच सांगता येऊ लागलं होतं. चारपाच वर्षं आधी त्या गेल्या असत्या तर गाडी बदलण्याच्या प्रत्येक गावी आधी कोणाची वेळ खरी ते विचारावं लागलं असतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण हिशेबात विस्मय कमी आणि चिकाटी जास्त. तुम्ही एकच तिकीट काढून चार कंपन्यांच्या रुळांवरून गेलात, तर पैसे कोणाला किती? इंग्लंडमध्ये या एका प्रश्नासाठी १८४२ मध्ये लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाउस उघडलं आणि तिथे कारकुनांच्या फौजा तिकिटं मोजत बसल्या. मोजता आलं याचं श्रेय टॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तरला. त्यानं जाड पुठ्ठ्याची, छापील, क्रमांक घातलेली छोटी तिकिटं काढली. आपल्याकडच्या चाळिशीपुढच्या वाचकांनी ती हातात धरली आहेत: अंगठ्याएवढा पुठ्ठा, खिडकीतल्या यंत्रात घातला की खट्कन तारीख उठायची. त्याच हिशेबाच्या परंपरेतून १९५९ मध्ये युरेल पास निघाला, युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी. एका पासावर अनेक देशांच्या रेल्वे. सरकारं आपापसात कितीही भांडोत, त्यांच्या हिशेबनिसांचं पटलेलं होतं.

माप, वेळ आणि पैसा हे तिन्ही जुळवून झाल्यावर पुढे काय करता येतं ते बघायचं तर स्वित्झर्लंडला जावं. देश केवढा? विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान. लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास. बहुतेक भाग डोंगर. भाषा चार. रेल्वे कंपन्या डझनावारी, त्यांतल्या कित्येक मीटरगेजवाल्या. त्या देशात हजार किलोमीटरहून जास्त मार्ग अजून आपल्या जुन्या वाशीमच्या मापाचा आहे. हे सगळं ऐकून वाटेल की तिथे परक्या माणसाची पुरती भंबेरी उडत असेल. पण तिथे वेळापत्रक उघडावंही लागत नाही.

युक्ती अशी. झुरिकहून बर्नला जाणारी गाडी नऊ वाजून दोन मिनिटांनी सुटते, तर दहा वाजून दोन मिनिटांनीही सुटते, आणि अकरा वाजूनही दोनच मिनिटांनी. मधे अर्ध्या तासानं आणखी एक. तुम्ही मिनिट लक्षात ठेवायचं, तास कुठलाही असो. असं दर तासाला तंतोतंत पुन्हा येणारं वेळापत्रक तिथे १९८२ च्या मे महिन्यात देशभर लागू झालं. ते काही तरुण रेल्वे इंजिनियरांनी आधीच्या दशकात जवळजवळ हट्टानं मांडलं होतं.

पण खरी करामत पुढची. झुरिकहून ९:०२ ला निघालेली गाडी बर्नला ९:५८ ला पोचते. बर्नहून ९:०२ ला निघालेली झुरिकला ९:५८ ला. बाझेल ते बर्न, बाझेल ते झुरिक, हेही अंतर तासाच्या आतलं. याचा परिणाम असा की दहाला चार-दोन मिनिटं कमी असताना या प्रत्येक मोठ्या स्टेशनात चहूकडून गाड्या येऊन उभ्या राहतात. माणसं उतरतात, समोरच्या किंवा शेजारच्या फलाटावर जातात, दुसऱ्या गाडीत बसतात, आणि दहा वाजून काही मिनिटं होता होता सगळ्या गाड्या चहूकडे पांगतात. मग स्टेशन ओस. अर्ध्या तासानं पुन्हा तोच मेळा. आठवडी बाजाराच्या दिवशी चारी वाटांनी गाड्या एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी उठतात, तसं हे देशभर आणि दिवसभर, घड्याळाबरहुकूम.

एक हिशेब तुम्ही स्वतः करून बघा. कुठल्याही अशा स्टेशनात एका दिशेला जाणारी गाडी तासावर किती मिनिटांनी सुटते, आणि उलट दिशेनं तीच गाडी किती मिनिटांनी येते, यांची बेरीज करा. ती साठच्या आसपास येते. सुटण्याचं मिनिट ०२, येण्याचं ५८. पूर्ण तासाच्या रेषेवर आरसा ठेवून एका बाजूचं वेळापत्रक दुसऱ्या बाजूला उमटवल्यासारखं ते आहे. त्यामुळे जाताना जोडगाडी मिळाली तर परतीला ती मिळणारच, वेगळी तपासायची गरज नाही.

आता बघा, या एका कल्पनेनं वेगाचा अर्थच बदलून टाकला. झुरिक–बर्न प्रवासाला पूर्वी एक तासाहून जास्त वेळ लागायचा, म्हणून गाडी तासाच्या मेळ्याला पोचत नसे. त्यांनी कोट्यवधी खर्चून मधे सुमारे ४५ किलोमीटरचा नवा वेगवान मार्ग बांधला आणि १२ डिसेंबर २००४ ला देशाचं वेळापत्रक एका रात्रीत पालटलं. आता ५६ मिनिटं लागतात. पन्नासच का नाही केली? कारण पन्नास मिनिटांत पोचून प्रवासी दहा मिनिटं फलाटावर उभाच राहिला असता. गाडी शक्य तितकी वेगवान करायची नाही, गरजेपुरतीच करायची, हे त्या रेल्वेचं ब्रीद. या प्रचंड खर्चावर आधी १९८७ मध्ये जनतेचं मत घेतलं होतं आणि लोकांनी होकार दिला होता. वेळापत्रक आधी आखायचं आणि मग त्याला बसेल असा बोगदा खणायचा, असा उलटा उद्योग दुसरीकडे क्वचितच कोणी एवढ्या प्रमाणावर केला असेल.

त्या देशाच्या स्टेशनांतली घड्याळंही बघण्यासारखी. १९४४ मध्ये हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेच्या इंजिनियरानं ती आखली. गार्डाच्या हातातल्या सिग्नलासारखा लाल गोळ्याचा सेकंदकाटा नंतर बसला. हा काटा पूर्ण फेरी साठ सेकंदांत करत नाही, दीडएक सेकंद लवकर करतो आणि बाराच्या रेषेवर येऊन थबकतो. मुख्य घड्याळाकडून विजेचा ठोका आला की मिनिटकाटा एक घर पुढे उडी मारतो आणि लाल काटा पुन्हा चालू लागतो. सगळ्या देशाचं मिनिट एका ठोक्यावर सुरू व्हावं म्हणून हा खटाटोप. फलाटावर उभं राहून ते थबकणं बघत बसावं, गाडी येईपर्यंत करमणूक होते.

आणि मोठ्या-छोट्या रुळांचं काय? कूर या गावी मोठी लाईन संपते आणि तिथूनच मीटरगेजची लाल गाडी सुटते. मोठ्या गाडीतून उतरलेल्या माणसासाठी छोटी गाडी काही मिनिटांत तयार. माप तुटलं, प्रवास तुटला नाही. माँत्रो ते इंटरलाकेन या मार्गावर अर्धी वाट मीटरगेज आणि अर्धी मोठी. तिथे डिसेंबर २०२२ पासून अशी गाडी धावते जिची चाकं त्स्वाइझिमेन नावाच्या स्टेशनात रुंदी बदलतात. फलाटांची उंची दोन मापांना वेगळी, म्हणून डब्याची उंचीही तिथेच बदलते. प्रवासी जागचा उठत नाही.

शकुंतला बंद पडली ती छोटी होती म्हणून, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेली स्वित्झर्लंडमधल्या बर्निना मार्गाची मीटरगेज गाडी, ब्रुझिओला गोल फिरते तीच, आज २२५३ मीटर उंचीवर बारमाही चालते, बर्फातही. दातेरी रूळ न लावता, नुसत्या चाकांच्या पकडीवर, दर हजार मीटरला सत्तर मीटर चढते. २००८ मध्ये तिचा मार्ग जागतिक वारसा ठरला. वाशीमचं रुंदीकरण योग्यच झालं, कारण तो लांबचा, उत्तर-दक्षिण जोडणारा मार्ग होता आणि तिथे माप तुटणं महागात पडत होतं. शकुंतलेचं मात्र ना रुंदीकरण झालं, ना डागडुजी, ना वेळापत्रकाची जोडणी. दिवसाला एक फेरी मारणारी गाडी कोणाच्याच सोयीची नसते, मग तिचे रूळ कितीही रुंद असोत. छोट्या मापाला दोष देऊन आपण निष्काळजीपणाला पाठीशी घातलं.

शेवटी, जे वाचक येत्या उन्हाळ्यात मुलांकडे किंवा टूरबरोबर त्या बाजूला जाणार असतील त्यांना एक कळकळीचं सांगणं. आपली बहुतेक मंडळी स्वित्झर्लंड बसच्या खिडकीतून बघून येतात. बस आपल्यासाठी थांबते, जेवायला वरण-भात मिळतो, हे सगळं खरं. पण एक दिवस बसवाल्यांची रजा घ्या. परदेशी पाहुण्यांसाठी असलेला एक पास काढा, तो गाडी, एसटीसारख्या पिवळ्या बस आणि तलावातल्या बोटी या सगळ्यांना चालतो. स्टेशनात फाटक नसतं, टीसी गाडीत येऊन बघतो. कूरहून सेंट मोरिट्झकडे जाणाऱ्या लाल गाडीत उजवीकडच्या खिडकीशी बसा. फिलिझूर येण्याच्या जरा आधी ६५ मीटर उंचीचा लांडवासरचा दगडी पूल वळण घेत थेट कड्यातल्या बोगद्यात शिरतो, तो त्याच बाजूनं नीट दिसतो. तिथून पुढे तिरानोला. तिरानो इटलीत आहे, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. काचेच्या छताच्या खास पर्यटक गाडीला वेगळं आरक्षण आणि वेगळे पैसे लागतात. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून साधी पॅसेंजरही धावते, तिला आरक्षण लागत नाही आणि पास पुरतो.